चक्करेची नोंद: अंगावरची यंत्रे आणि मुरबाडचे अंतर

चक्करेचे निदान अवघड होते ते मुख्यतः वेळेमुळे. आतल्या कानातील दोषाने येणारा झटका अनेकदा मिनिटभरात ओसरतो. हृदयाच्या ठोक्यांतला खंड काही सेकंदांचा असतो. उभे राहताना घसरलेला रक्तदाब खाली बसताच सावरतो. रुग्ण दवाखान्यात पोचतो तेव्हा नाडी ठीक, दाब ठीक, ईसीजीही ठीक असतो, आणि डॉक्टरच्या हाती उरते ती रुग्णाची आठवण. अंगावर दिवसरात्र वागवायची यंत्रे म्हणजे हृदयाचे ठोके टिपणारा होल्टर किंवा पॅच, मनगटी घड्याळ, दंडावरचा साखरेचा सेन्सर आणि डोळ्यांची हालचाल नोंदवणारे उपकरण. झटका येतो त्या क्षणी शरीरात काय चालले होते हे ती नोंदवून ठेवतात. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातले अंतर जितके जास्त, तितकी या नोंदीची किंमत जास्त. मात्र त्याच अंतरामुळे यंत्राने दिलेल्या खोट्या इशाऱ्याची किंमतही वाढते. ग्रामीण भागात ही यंत्रे कोणाला, कधी आणि कोणामार्फत द्यावीत याचा विचार या दोन्ही किमती समोर ठेवून करावा लागतो.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड आणि शहापूर हे तालुके या विचारासाठी चांगली कसोटी आहेत. मुंबई फार लांब नाही, पण मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणला जायचे तर एसटी किंवा जीप. माळशेज घाटाच्या पायथ्याकडील मोरोशी-टोकावडे पट्ट्यातील वाडीवरून निघालेल्या माणसाला आधी मुख्य रस्ता गाठावा लागतो आणि मग मुरबाड. शहापुरात आसनगाव, खर्डी, कसारा अशी स्थानके आहेत, पण डोळखांबच्या आतल्या पाड्यांना त्यांचा फारसा उपयोग नाही. ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली यांच्या वस्त्या डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या आहेत. आदिवासी भागासाठी ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. त्यावर ग्रामीण रुग्णालय येते, पण कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा मेंदूविकार तज्ज्ञ तिथे सहसा नसतो. त्यासाठी ठाणे, कळवा किंवा मुंबई गाठावी लागते. झटका एका मिनिटाचा आणि तज्ज्ञ अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, अशी ही स्थिती आहे.

प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली

चक्करेकडे पाहण्याची वैद्यकाची रीत गेल्या पन्नास वर्षांत बदलली आहे. १९७२ साली ड्रॅकमन आणि हार्ट या अमेरिकी डॉक्टरांनी चक्करेचे चार प्रकार मांडले: भोवतालचे सारे फिरते आहे असे वाटणे, शुद्ध हरपेल असे वाटणे, चालताना तोल जाणे आणि डोके नुसतेच हलके वाटणे. पहिला प्रकार कानाचा, दुसरा हृदयाचा वा रक्तदाबाचा, तिसरा मज्जासंस्थेचा, अशी वाटणी त्यावरून होई. पुढे डेव्हिड न्यूमन-टोकर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आपत्कालीन विभागातील रुग्णांना हाच प्रश्न काही मिनिटांच्या अंतराने पुन्हा विचारला, तेव्हा निम्म्याच्या आसपास रुग्णांनी दुसऱ्या वेळी वेगळा प्रकार निवडला. कसे वाटले याचे वर्णन डळमळीत निघाले. झटका किती वेळ टिकला आणि कशाने सुरू झाला ही माहिती त्यामानाने अधिक भरवशाची ठरली.

मुरबाडच्या बाह्यरुग्ण विभागातही ‘गरगरते’, ‘अंधारी येते’, ‘झोक जातो’, ‘पित्त झालं’ ही वाक्ये एकाच तोंडून एकामागून एक ऐकू येतात. त्यांवरून निदान करू पाहणारा डॉक्टर चुकण्याचा संभव मोठा असतो. कूस बदलताना येते की खाटेवरून उठताना? जेवण चुकल्यावर की बसल्या जागी, काही कारण नसताना? सेकंद टिकते, मिनिटे की तास? निदानाची दिशा या उत्तरांवरून ठरते. अंगावरचे यंत्र नेमके हेच सांगू शकते, कारण त्याच्याकडे घड्याळ असते.

यंत्राआधीच्या तपासण्या

यंत्राचा विचार करण्याआधी बहुतेक रुग्णांचे कारण साध्या तपासणीत सापडू शकते, आणि या भागात तर ती कारणे ठळक आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईला चढावर हंडा घेऊन येताना अंधारी येत असेल, तर तिच्या मनगटावर घड्याळ बांधण्याआधी बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन पाहायला हवे. सर्वसाधारण मनगटी घड्याळ हिमोग्लोबिन मोजत नाही.

दुसरे कारण पाणी. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाणी लांबून आणायचे असले की घरातली बाई स्वतः कमी पिते. एप्रिल-मेच्या उन्हात, शरीरात पाणी कमी असताना, बसलेली उठली की रक्तदाब घसरतो. त्यात रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अधिकच. यासाठीची परीक्षा बिनखर्चाची आहे: रुग्णाला पाच मिनिटे आडवे झोपवून दाब घ्यायचा, मग उभे करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायचा. वरचा दाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला तर कारण सापडले. उपकेंद्रावरचा साधा डिजिटल मापक यासाठी पुरतो. प्रत्यक्षात दाब घेतला जातो तो रुग्ण स्टुलावर बसलेला असताना, एकदाच.

तिसरे कारण आतल्या कानातले. तोल सांभाळणाऱ्या भागात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. ते जागचे सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोके विशिष्ट दिशेला वळताच सारे गरगरते आणि मिनिटाच्या आत थांबते. भाताच्या आवणीत दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईला मान वर करताच जग फिरल्यासारखे वाटले, तर कमजोरी म्हणून सलाईन लावण्याआधी या विकाराची शंका घ्यायला हवी. त्याची परीक्षा मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये सांगितली. रुग्णाला खाटेवर बसवून, डोके ४५ अंश एका बाजूला वळवून झटकन मागे झोपवायचे आणि डोळ्यांकडे पाहायचे. काही क्षणांनी बुबुळे ठरावीक दिशेला फिरत उडू लागली की निदान पक्के. खडे जागेवर नेण्यासाठी जॉन एपली यांनी सांगितलेली डोके फिरवण्याची रीत काही मिनिटांत करता येते. इथे लागते ती खाट आणि शिकलेला हात. या रुग्णाला महिनोन्‌महिने चक्करेच्या गोळ्या देत राहिल्याने खडे हलत नाहीत, आणि तोलाच्या यंत्रणेला दाबून ठेवणारी काही औषधे दीर्घकाळ घेतली तर मेंदूचे स्वतःला सावरणेही लांबते.

चौथी गोष्ट म्हणजे रक्तातील साखर आणि गोळ्यांची यादी, पाचवी एकदा काढलेला पूर्ण ईसीजी. काही रुग्ण तर या क्रमातही बसत नाहीत. तासन्‌तास न थांबणारी चक्कर, दोन-दोन दिसणे, बोबडी वळणे, चेहरा वाकडा होणे, उभेच राहता न येणे ही मेंदूतील रक्तप्रवाह अडल्याची खूण असू शकते. त्यांना नोंदीसाठी यंत्र देणे म्हणजे मोलाचे तास वाया घालवणे. तिथे १०८ ला फोन करायचा असतो.

हृदयाची नोंद

या चाळणीतून जे उरतात त्यांच्यासाठी यंत्र आहे. त्यांची संख्या थोडी असली तरी त्यांच्यात सर्वांत धोक्याचे रुग्ण असतात: काही कारण नसताना, बसल्या जागी, क्षणभर डोळ्यांपुढे अंधार येऊन कोसळणारे. त्यांपैकी काहींच्या हृदयातील विद्युतप्रवाह मध्येच अडतो.

चालत्या-फिरत्या माणसाचा ईसीजी काढण्याची कल्पना अमेरिकेतील मॉन्टानाचे नॉर्मन होल्टर यांची. १९४७ च्या सुमारास त्यांनी बनवलेले पहिले यंत्र पाठीवर वाहायचे होते आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. आज त्यांच्या नावाचे यंत्र खिशात मावते, आणि छातीला चिकटवायचा पॅच तर १४ दिवस राहतो. वजन घटले त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुदत वाढली. ज्या रुग्णाला सरासरी १५ दिवसांतून एकदा, पण अनियमितपणे चक्कर येते त्याला २४ तासांचा होल्टर लावला, तर त्या दिवशी झटका सापडण्याची शक्यता साध्या गणिताने ६ ते ७ टक्के येते. १४ दिवसांच्या पॅचने ती ६० टक्क्यांच्या आसपास जाते आणि ३० दिवसांत ८५ टक्क्यांच्या वर. मुरबाडच्या वाडीवरचा माणूस कल्याणला जाऊन होल्टर लावून घेतो, दुसऱ्या दिवशी परत करायला जातो आणि ‘नॉर्मल’ असा अहवाल घेऊन येतो. अहवाल खरा असतो, पण त्या दिवशी चक्कर आलेली नसते, आणि घरचे समजतात की हृदय तपासून झाले. अशा रुग्णासाठी एक दिवसाची नोंद जवळजवळ निरुपयोगी असते आणि वर खोटा दिलासा देते.

नोंदीचा उपयोग दोन्ही बाजूंनी होतो. झटक्याच्या क्षणी ठोके चार-पाच सेकंद थांबलेले दिसले तर पेसमेकरचा निर्णय होतो, आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत पेसमेकर बसवण्याची सोय आहे. झटका आला आणि त्या क्षणी ठोके अगदी नियमित असले, तर त्या झटक्यामागे हृदयाची लय नव्हती हे कळते आणि शोध दुसरीकडे वळतो. दोन्ही निष्कर्षांसाठी झटक्याची वेळ माहीत असावी लागते. म्हणून झटका येताच दाबायचे पॅचवरचे बटण ईसीजीइतकेच महत्त्वाचे आहे. रुग्णाने डायरी लिहावी अशी अपेक्षा असते, पण ज्या घरात वेळ भाकऱ्या थापताना, गुरे सोडताना, दिवेलागणीला अशी सांगितली जाते तिथे छापील डायरीतले तासांचे रकाने कोरेच राहतात. बटण दाबायला अक्षरओळख लागत नाही. आशा कार्यकर्तीने दर दोन-तीन दिवसांनी घरी जाऊन ‘कधी दाबलं, तेव्हा काय करत होतीस’ एवढे विचारून लिहून ठेवले, की डायरीचे काम होते.

डोळे, साखर आणि दाब

चक्कर कानातून येते तेव्हा डोळे तालबद्ध उडतात, आणि त्या हालचालीची दिशा व गती पाहून दोष कुठे आहे हे बरेचसे कळते. तोलाच्या इंद्रियावरील कामासाठी रॉबर्ट बाराणी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्या कामाचा पायाही हाच. इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात जॉन फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेहऱ्यावर इलेक्ट्रोड चिकटवून डोळ्यांची आणि डोक्याची हालचाल ३० दिवसांपर्यंत नोंदवणारे ‘कावा’ नावाचे उपकरण तयार केले. सिडनीतील मिरियम वेलगॅम्पोला यांच्या गटाने रुग्णांना घरी नेण्यासाठी कॅमेऱ्याचे चष्मे दिले आणि झटका आला की स्वतःच्या डोळ्यांचे चित्रण करायला शिकवले. त्यांचा अहवाल २०१९ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आला. दोन पद्धतींत फरक आहे. इलेक्ट्रोडला बुबुळाचे स्वतःभोवती फिरणे कळत नाही, आणि खडे सुटण्याच्या विकारात तेच महत्त्वाचे असते. कॅमेऱ्याला ते दिसते, पण झटका येताच चष्मा चढवावा लागतो.

मुरबाडसाठी यातला घेण्यासारखा धडा स्वस्त आहे. घरात मोबाइल असतो. चक्कर चालू असताना रुग्णाचे डोळे उघडे ठेवायला सांगून, उजेडात, जवळून अर्धा मिनिट चित्रण करण्याचे शिक्षण आशा कार्यकर्तीने घरच्यांना दिले, तर ई-संजीवनीसारख्या दूरसल्ला सेवेतून तज्ज्ञाला ते दाखवता येते. हे पूर्ण निदान होणार नाही, पण झटका कानाचा की आणखी कशाचा याचा अंदाज येतो.

साखरेचा सेन्सर दंडावर १४ दिवसांपर्यंत राहतो आणि दर काही मिनिटांनी नोंद घेतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारा मधुमेही श्रावणात किंवा नवरात्रात उपास धरून शेतावर राबतो, तेव्हा त्याची साखर दुपारी उतरलेली यात स्पष्ट दिसते. सरसकट प्रत्येक मधुमेह्याला तो लावण्याचे कारण नाही. रक्तदाबाचे २४ तासांचे यंत्र ठरावीक अंतराने दंड आवळते. त्याने गोळीच्या वेळा सुधारता येतात, पण उठल्यावरचा दाब पाहायला वर सांगितलेली तीन मिनिटांची परीक्षाच बरी.

घड्याळाची मर्यादा

बाजारातली मनगटी घड्याळे हिरव्या प्रकाशाने त्वचेखालच्या रक्ताचे स्पंदन पाहतात. हात हलला की ही नोंद बिघडते, आणि अनियमित नाडी शोधणारी पद्धत साधारणपणे अंग स्थिर असतानाच्या नोंदी वापरते. चक्कर तर उठताना, वाकताना, चालताना येते. शिवाय मनगट बांगड्यांनी भरलेले असेल तर पट्टा बांगड्यांच्या वर, अग्रबाहूवर सरकतो, सैल राहतो आणि दर हालचालीला उचलला जातो. पडद्यावर आकडा तरीही झळकत राहतो. आवणीच्या चिखलात हात बुडालेले, अंगावर पावसाचे इरले आणि त्वचा घामाने ओली, अशा वेळी छातीवरचा पॅचही सुटू शकतो. त्यामुळे पंधरवड्याची नोंद शक्यतो आवणीबाहेरच्या दिवसांत घ्यावी. दिवाळीनंतर मात्र कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. यंत्र दिले आणि कुटुंब भट्टीवर गेले, तर नोंद वाचली जात नाही आणि यंत्रही परत येत नाही. वेळापत्रक गावाच्या कामाच्या चक्राप्रमाणे आखले नाही, तर चांगले यंत्रही वाया जाते.

नेटवर्कचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. मुरबाड तालुक्यातील धसई २०१६ च्या डिसेंबरात रोकडविरहित गाव म्हणून गाजले. कार्ड घासण्याच्या यंत्राला दर व्यवहारात जोडणी लागते. चक्करेच्या नोंदीला ती त्या क्षणी लागत नाही. नोंद यंत्रातच साठवून पंधरा दिवसांनी केंद्रावर उतरवली तरी निदान तेच राहते. म्हणून डोंगराकडच्या वाड्यांसाठी सतत मोबाइलशी बोलणारे घड्याळ घेण्यापेक्षा स्वतःत साठवणारे यंत्र घ्यावे. शिवाय मोबाइल बहुतेकदा घरच्या कर्त्या पुरुषाच्या खिशात असतो आणि तो औद्योगिक वसाहतीत पाळीवर गेला की सोबत जातो. बाईच्या हृदयाची माहिती त्याच्या फोनवर उतरणे सोयीचे नाही, आणि तिच्या खासगीपणालाही धरून नाही.

खोट्या इशाऱ्याची किंमत

सरकारने सरसकट घड्याळे वाटावीत, म्हणजे आजार आपोआप सापडतील, असा एक विचार असतो. ॲपल हार्ट स्टडी या अमेरिकी अभ्यासात ४ लाखांहून अधिक लोक सहभागी झाले. नाडी अनियमित असल्याचा इशारा मिळाला सुमारे अर्धा टक्का लोकांना, आणि त्यांपैकी ज्यांनी नंतर पॅच लावून परत पाठवला त्यांच्यातल्या साधारण एक-तृतीयांश लोकांत पॅचच्या मुदतीत अलिंद कंपन हा हृदयाची लय बिघडण्याचा विकार आढळला. उरलेल्यांचा प्रत्येक इशारा खोटा होता असे म्हणता येत नाही, कारण हा विकार येतो-जातो. पण प्रत्येक इशाऱ्यापाठी पुढची तपासणी आली. शहरात याची किंमत एका दुपारची. मोरोशीकडच्या वाडीवरून तीच किंमत एका दिवसाची मजुरी, जाण्यायेण्याचे भाडे आणि सोबतच्या माणसाचीही मजुरी इतकी होते. आणि सापडलेला विकार हाच चक्करेचे कारण असेल असेही नाही, कारण अलिंद कंपन आणि कानातले खडे एकाच माणसात असू शकतात. झटक्याच्या क्षणाशी न जोडलेला निष्कर्ष निदानाला मदत करण्याऐवजी त्याची दिशा चुकवतो.

याउलट, जिथे रक्तक्षय आणि टँकरचे प्रश्न आहेत तिथे पॅच कशाला, असाही आक्षेप घेतला जातो. बहुसंख्य रुग्णांपुरता तो योग्य आहे, आणि वरची चाळणी त्यासाठीच आहे. पण चाळणीनंतर उरणाऱ्या थोड्यांकडे याच कारणाने पाहायचे नाही असे ठरवले, तर हृदयाचे ठोके थांबणारा माणूस विहिरीच्या काठावर किंवा चुलीजवळ पडेपर्यंत त्याला कमजोरीची बाटलीच मिळत राहील. परत वापरता येणारे एक नोंदयंत्र वर्षभरात अनेक रुग्णांकडे फिरू शकते, आणि कल्याणच्या निष्फळ फेऱ्या वाचल्या तर घरचा तेवढा खर्च कमी होतो.

कोणाकडे, कोणत्या क्रमाने

यंत्र रुग्णाने विकत घेण्याची वस्तू राहिली, तर ती ज्याला परवडते त्याच्याकडे जाईल, गरज असणाऱ्याकडे जाईलच असे नाही. म्हणून ती ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या साठ्यात असावीत आणि वैद्यकीय अधिकाऱ्याने लिहून दिल्यावर मुदतीने द्यावीत. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे भारतात औषधांच्या कायद्याखाली नियंत्रित आहेत. खरेदी करताना या नियमाखाली परवाना असलेली उपकरणे घ्यावीत, बाजारातली खेळण्यांसारखी घड्याळे टाळावीत. नोंद कोण वाचणार हे यंत्र देण्याआधीच ठरलेले असावे. १४ दिवसांचा ईसीजी वाचायला प्रशिक्षित माणूस लागतो, आणि संगणकाने निवडलेले तुकडेही हृदयरोगतज्ज्ञाच्या नजरेखालून जावे लागतात. वाचणारा ठरला नसेल तर यंत्र देऊ नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला. त्याच्या भावनेप्रमाणे नोंद कुठे जाते हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगून संमती घ्यायला हवी.

यातून क्रम असा ठरतो. उपकेंद्रावर आडवा-उभा रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर आणि गोळ्यांची यादी. प्राथमिक केंद्रावर डिक्स-हॉलपाइक परीक्षा आणि ईसीजी. धोक्याची खूण दिसल्यास थेट १०८. कारण सापडले तर उपचार, आणि यंत्र नाही. कारण सापडले नाही, झटके पुन्हा येत असतील, विशेषतः शुद्ध हरपत असेल किंवा माणूस कोसळत असेल, तर झटक्यांच्या अंतरानुसार मुदत ठरवून नोंदयंत्र. झटका रोज येत असेल तर एक-दोन दिवस पुरतात, आठवड्या-पंधरवड्याने येत असेल तर १४ दिवसांचा पॅच, आणि महिन्यांनी येत असून रुग्ण कोसळत असेल तर त्वचेखाली बसवायचे, तीन वर्षांपर्यंत चालणारे यंत्र, ज्यासाठी मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागते. मुदत संपली तरी झटका आलाच नाही, तर अहवालावर ‘नॉर्मल’ लिहिण्याऐवजी ‘या काळात चक्कर आली नाही’ असे लिहावे, म्हणजे पुढचा डॉक्टर शोध तिथूनच पुढे नेऊ शकतो.